कपांची यादी छापलीत, सईसांची नावं कुठं गेली?

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पोलो क्लबचं नाव या पत्रात लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना ते लगेच कळेल. बाकीच्यांनी शोधत बसू नये, कारण मी जे म्हणतेय ते घोडे सांभाळणाऱ्या बऱ्याच संस्थांना कमीजास्त लागू पडतं. हेच पत्र आधी आपल्या कचेरीत दिलं होतं, पोचही घेतली होती. उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांसमोर ठेवतेय.

निमित्तं तीन आहेत. आपण काढलेली स्मरणिका, फाटकावर लावलेली ‘सभासद व निमंत्रितांखेरीज प्रवेश नाही’ ही पाटी, आणि पागेमागच्या खोल्या रिकाम्या करा म्हणून सईसांना, म्हणजे घोड्यांची रोजची देखभाल करणाऱ्यांना, दिलेली नोटीस. तिन्ही एकापाठोपाठ आली. एकीकडे क्लबच्या जुन्या परंपरेचे गोडवे गायचे आणि दुसरीकडे ती परंपरा हातांनी जपणाऱ्यांना सामान बांधायला सांगायचं, हे मला गप्प बसून बघवत नाही.

माझा यात काय संबंध, हे आधी सांगते. माझे वडील नालबंद होते. आमची भट्टी घोरपडीत होती. क्लबच्या पगारपत्रकावर ते कधीच नव्हते. बोलावणं आलं की जायचं, पायामागे ठरलेले पैसे घ्यायचे. शाळा सुटली की मी भाता ओढायला बसे. पुढे शिक्षिका झाले, निवृत्त झाले. घोड्यावर बसण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. घोड्याचा पाय मात्र मांडीवर घेतलाय.

पोलोच्या घोड्याची नाल रेसच्या घोड्यासारखी नसते. पुढच्या पायाच्या नालेला आतल्या कडेनं उंच धार असते, म्हणजे घोडा भरधाव वेगात गर्रकन वळला तरी हिरवळीवर पाय घसरत नाही. मागच्या नालेला टाचेशी उंचवटा देतात. धार बाहेरच्या कडेला चालत नाही, कारण गर्दीत दुसऱ्या घोड्याचा पाय कापला जाईल. वडील तापलेली नाल खुरावर क्षणभर टेकवायचे, चर्र आवाज होऊन धूर निघायचा, आणि जळालेल्या केसांसारखा वास अंगणभर पसरायचा. जिथं खूर काळं पडलं नाही तिथं नाल बसलेली नाही, असा हिशेब. मग कानस. मग पुन्हा टेकवून बघायचं. खिळा खुराच्या भिंतीतून बाहेरच्या अंगाला निघाला पाहिजे. आत मांसाकडे गेला तर घोडा लंगडतो आणि सामना गेलाच म्हणून समजा. एवढं सगळं चालू असताना घोड्याच्या तोंडाशी सईस उभा असायचा. तो काहीतरी पुटपुटत राहायचा आणि घोडा त्याच्याकडे कान लावून शांत उभा राहायचा. दर चार-सहा आठवड्यांनी हे सगळं नव्यानं.

वडिलांची एक वही आहे. आपल्या पागेतल्या प्रत्येक घोड्याच्या चारही खुरांची बाह्यरेषा त्यात पेन्सिलीनं काढलेली आहे. शेजारी घोड्याचं नाव, तारीख, कुठला खूर कुठं झिजतो त्याची नोंद, आणि खाली पैसे मिळाल्याची खूण म्हणून सईसाची सही किंवा अंगठा. ती नावं इथं देत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती जाहीर करणं बरोबर नाही. पण नावं आहेत. ‘जुनी नोंद उपलब्ध नाही’ असं स्मरणिकेच्या संपादकांनी मला तोंडी सांगितलं, त्याला हे उत्तर.

आता स्मरणिकेबद्दल. कागद बघूनच कळतं की खर्चात कुठं हात आखडलेला नाही. अध्यक्षांची छायाचित्रं आहेत, संघांची आहेत, कुठल्या साली कुठला कप कुणी जिंकला याची भलीमोठी यादी आहे. मधल्या पानावर एक जुनं, सुंदर छायाचित्र आहे. घोडा, स्वार, कप देणाऱ्या पाहुण्या बाई. खाली घोड्याचं नाव आहे, स्वाराचं आहे, बाईंचंही आहे. डाव्या कडेला लगाम धरलेला एक हात दिसतो. मनगटापर्यंत. हाताचा मालक चौकटीबाहेर कापून टाकलाय.

मांडणी करणाऱ्या मुलानं ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याला कुणी सांगितलंच नसणार की तो हातही इतिहासाचा भाग आहे.

आणि इतिहासाचं म्हणाल तर तो तरी नीट लिहायचा. ‘इंग्रजांनी हा राजेशाही खेळ भारतात आणला’ या वाक्यानं आपण सुरुवात केलीत. मी आयुष्यभर इतिहास शिकवलाय, त्यामुळे लाल पेन हातात घेतल्याशिवाय राहवलं नाही. मणिपूरच्या खोऱ्यात सगोल कांगजेई, म्हणजे तिथला पोलो, शतकानुशतकं खेळला जात होता, एका बाजूला सात स्वार घेऊन. शेजारच्या कछारमध्ये स्थायिक झालेल्या मणिपुरी लोकांचा खेळ तिथल्या चहामळेवाल्या इंग्रजांनी पाहिला, उचलला, आणि १८५९ मध्ये सिल्चरला क्लब काढला. त्यात जोसेफ शेरर हे लष्करी अधिकारी आणि रॉबर्ट स्ट्युअर्ट हे मुलकी अधिकारी पुढे होते. १८६२ मध्ये कलकत्त्यात क्लब निघाला. तो आजही चालू आहे आणि जगातला सर्वांत जुना चालू पोलो क्लब म्हणून ओळखला जातो. तिथला एझ्रा कप १८८० पासूनचा. इंग्लंडात हाउन्स्लोला पहिला सामना झाला तो १८६९ मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्या सात वर्षांनंतर. इंडियन पोलो असोसिएशन १८९२ ची. त्याही मागं जायचं तर कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान, म्हणजे पोलोचाच जुना प्रकार, खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला, हे माझ्या वर्गातली मुलंसुद्धा सांगत. इंग्रजांनी नियम बांधले, चारचा संघ केला, खेळ जगभर नेला. तेवढं श्रेय त्यांना जरूर द्या. पण आणला? तो इथंच होता.

मणिपूरमध्ये तर आता उलटाच प्रश्न आहे. खेळ जगभर गेला आणि ज्या लहान चणीच्या घोड्यावर तो वाढला, तो मणिपुरी घोडा कमी होत चाललाय. त्याच्या जतनासाठी तिथल्या सरकारला २०१६ मध्ये धोरण करावं लागलं. आपल्याकडचा भीमथडी घोडाही असाच बुटका, काटक, भीमेच्या खोऱ्यातला. त्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडून स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे. पुणे जिल्ह्यातल्या घोड्यांच्या क्लबाच्या स्मरणिकेत त्यावर एक ओळ नाही. आपल्या मैदानापासून काही फार लांब नसलेल्या वानवडीत १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी शिंदे वारले, तिथं त्यांची छत्री आहे. उत्तर हिंदुस्थान घोड्यावरून पालथा घातलेला माणूस. त्याचाही उल्लेख नाही. पुण्यातल्या घोड्याचा इतिहास छावणीपासूनच सुरू होतो की काय?

छावणीचा भाग तरी नीट आलाय का, तर त्यातही सर्वांत बोलकी गोष्ट निसटली. १८९६ मध्ये चौथ्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीबरोबर विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण अधिकारी हिंदुस्थानात आला. मुंबईला ससून डॉकवर उतरतानाच त्याचा खांदा निखळला आणि पुढं कायम तो खांदा बांधूनच त्याला पोलो खेळावा लागला. पलटण बंगळुरूला जायची होती, वाटेत पुण्यात थांबली. अरबी घोडे मुंबईत भायखळ्याच्या तबेल्यांत उतरायचे आणि तिथून जवळ असलेल्या पूना लाइट हॉर्स या पुण्याच्या पलटणीला त्यातले चांगले घोडे आधी निवडून घेता यायचे. नव्या पलटणीनं त्यांच्याकडून अशा पंचवीस घोड्यांची पागाच्या पागा विकत घेतली. देशात पाऊल ठेवून दोन महिने व्हायच्या आत या मंडळींनी हैदराबादला गोवळकोंडा कप जिंकला. नुकत्याच आलेल्या पलटणीनं असं कधी केलं नव्हतं. हे चर्चिल यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आता विचार करा. खेळाडू नवे, हवा नवी, देश नवा. जुनं काय होतं? घोडे. पुण्यात तयार झालेले, चेंडूच्या रेषेत धावायला शिकलेले, वेताची काठी कानाजवळून गेली तरी न बिचकणारे. ते कुणी तयार केले? त्यांना रोज खरारा कुणी केला, चंदी कुणी घातली, पायातला काटा कुणी काढला? कप जिंकणाऱ्यांची नावं आहेत. त्या पंचवीस घोड्यांच्या सईसांपैकी एकाचंही नाव कुठं वाचलेलं मला आठवत नाही. तेव्हा साहेबाचं राज्य होतं, त्यानं नावं लिहिली नाहीत, एक वेळ समजू शकते. आज आपणही त्याच वळणानं लिहिणार असाल तर साहेब जाऊन काय फरक पडला?

स्मरणिकेचं एवढ्यावर पुरे. कागदावर झालेली चूक दुरुस्त करता येते. नोटिशीचं तसं नाही.

पागेमागच्या खोल्यांत आज जी कुटुंबं राहतात त्यांतली काही तिसऱ्या पिढीची आहेत. ‘घोड्यांच्या देखभालीचं काम एजन्सीला देण्यात येत असून निवासाची सोय बंद करण्यात येत आहे’, हा नोटिशीचा सारांश. एजन्सीला काम दिलं की कारभार सोपा होतो, पीएफची कटकट नाही, रजेचे हिशेब नाहीत, हे मला कळतं. पण पोलोचा घोडा म्हणजे लिफ्ट नव्हे, की देखभालीचं कंत्राट दिलं आणि मोकळं झालो.

सामन्याच्या दिवशी सईस काय करतो, हे कार्यकारिणीपैकी किती जणांनी पहाटेपासून पाहिलंय? आयाळ भादरलेली असते, नाहीतर ती काठीत आणि लगामात अडकते. शेपटी वेणी घालून वर बांधायची. चारही पायांना पट्ट्या, सगळीकडे सारख्या ताणाच्या. एखादी सैल राहिली तर सुटून पायात येते, जास्त आवळली तर स्नायूबंधाला इजा. एक चक्कर, म्हणजे सामन्याचा एक डाव, सात मिनिटांचा. सलग दोन चक्करांत तोच घोडा उतरवत नाहीत, म्हणून चार चक्करांच्या साध्या सामन्यालासुद्धा प्रत्येक खेळाडूला किमान दोन घोडे लागतात. आठ खेळाडू, म्हणजे सोळा घोडे आले. मधल्या तीन मिनिटांत घामानं निथळणारा घोडा ताब्यात घ्यायचा, ताजा पुढं करायचा, खोगिराचे पट्टे पुन्हा बघायचे. उतरलेल्या घोड्याला तसाच उभा करायचा नाही, श्वास बसेपर्यंत फिरवायचा, पाणी थोडं थोडं द्यायचं, मग चारही पायांवरून हात फिरवून कुठं गरम लागतंय का ते बघायचं. ते गरम लागणं थर्मामीटर दाखवत नाही. कालचा पाय कसा लागत होता हे ठाऊक असलेल्या तळहातालाच ते कळतं. दर दोन महिन्यांनी एजन्सीनं पाठवलेल्या नव्या माणसाला काल माहीत नसतो.

आणि रात्रीचं काय? घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात काही अडकलं, वायू धरला, तर तो सगळा भार आतड्यावर येतो. पोटशूळ उठलेला घोडा आधी मान वळवून कुशीकडे बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, मग अंग टाकून लोळायला लागतो. आतड्याला पीळ पडला तर काही तासांत खेळ खलास. पागेपासून वीस पावलांवर झोपलेल्या माणसाला ते उकरणं झोपेत ऐकू येतं. तो उठून घोड्याला उभा करतो, डॉक्टरांना फोन लावतो. हडपसरच्या पुढून सकाळच्या बसनं येणाऱ्या पोराला ते सकाळीच कळणार. आपल्या सभासदांचे घोडे लाखांचे आहेत. निदान त्या हिशेबानं तरी या खोल्यांकडे बघा.

हिशेबाचंच निघालंय तर आणखी एक. आपल्याकडे उभी हयात घालवलेल्या माणसांच्या नावापुढे ‘हंगामी’ असं लिहिलेलं आहे. पावसाळ्यात काही दिवसांचा खंड दाखवायचा, मग पुन्हा घ्यायचं. घोडा पावसाळ्यात चारा खायचा थांबत नाही, पण कागदावर सईस मात्र थांबतो. ग्रॅच्युइटीचा हक्क १९७२ च्या कायद्यानं दिला. मला माहीत असलेल्या दोघा निवृत्त सईसांना मिळालं ते शाल, श्रीफळ आणि एक पाकीट. त्यातल्या एकाचा गुडघा लाथ बसून कायमचा गेलाय. घोड्यांचा विमा होता. त्याचा नव्हता.

फाटकाबद्दल थोडक्यात लिहिणार होते, पण तिथंही काही सांगण्यासारखं आहे.

आजवर सरावाचे सामने बघायला आजूबाजूची माणसं नाल्याच्या अंगाला गवतावर उभी राहत. रिक्षावाले, कॅम्पातल्या दुकानातून सुटलेली पोरं, घोरपडी-वानवडीतले म्हातारे. कुणी त्यांना खुर्ची देत नव्हतं, त्यांनी मागितलीही नाही. आता तिथं पत्रे लागलेत. कारण सुरक्षेचं दिलंय. त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. मोबाइलचा फ्लॅश, मोकाट कुत्रं, हल्लीचे ते ड्रोन यांनी घोडा बुजतो आणि ताशी पन्नास किलोमीटरनं धावणारा घोडा बुजला की कुणाचातरी जीव जातो. पण यावर दोरखंड आणि दोन स्वयंसेवक हा उपाय आहे, पत्रे हा नव्हे. बाजूला फळ्या लावलेलं मैदान ३०० यार्ड लांब आणि १६० यार्ड रुंद असतं, जवळजवळ दहा एकर. त्याच्या एका कडेला शे-दोनशे माणसांना जागा होत नाही?

मध्यंतरात प्रेक्षकांनी मैदानात उतरून टापांनी उखडलेली ढेकळं पायानं दाबायची, हा या खेळाचा जगभरचा रिवाज आहे. आपल्याकडे तो पासधारकांपुरता उरलाय. गेल्या मोसमात उंच टाचांच्या चपला घालून ढेकळं दाबायला आलेल्या पाहुण्या बघितल्या आणि वाटलं, यापेक्षा आमच्या गल्लीतली अनवाणी पोरं बरी, निदान नवी भोकं तरी पडली नसती. असो.

लडाखमध्ये गावचं गाव पोलो बघायला जमतं. पाकिस्तानातल्या शांदूरच्या खिंडीत, तीन हजार सातशे मीटर उंचीवर, लोक डोंगर चढून येतात. पोलो मुळात बघ्यांचा खेळ आहे. पुण्यात तो पत्र्याआड नेण्यात शहाणपण नाही, आणि हे मी आपल्या भल्यासाठी सांगतेय. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं काय झालं ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी द्यायचं २०२४ मध्ये ठरलं. ते चांगलं की वाईट, हा वाद इथं नको. पण शहरातल्या प्रत्येक मोठ्या मोकळ्या जागेवर आज कुणा ना कुणाचा डोळा आहे, आणि आपलं मैदानही सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्यानं आहे. उद्या त्यावर गदा आली तर रस्त्यावर कोण येणार? पासधारक? त्यांना दिल्ली आहे, जयपूर आहे. येतील ते गवतावर उभे राहून बघणारे. त्यांनाच आपण बाहेर काढलंत.

खडकवासल्याला एनडीएत छात्रांना घोडेस्वारी शिकवतात, पोलोही खेळतात. मे २०२५ मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. माझ्या शाळेतल्या मुली मला विचारायच्या, बाई, घोड्यावर बसायला कुठं शिकवतात? पागेच्या मागच्याच वस्तीत राहणाऱ्या मुलींना याचं उत्तर मला देता येत नसे. आठवड्यातून एक सकाळ दोन शांत म्हाताऱ्या घोड्यांवर त्यांना बसवायला आपल्याला किती खर्च येईल?

म्हाताऱ्या घोड्यांवरून शेवटचा मुद्दा. पोलोत उतरणारे बरेच घोडे मुळात रेसमधून निवृत्त झालेले असतात. पंधरा-सोळा वर्षांचे झाले की त्यांचा पोलोही संपतो, पण घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. मधली दहा वर्षं तो कुठं जातो? ‘चांगल्या घरी दिला’ असं सांगितलं जातं. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढं उभा असलेला, खुरं फुटलेला एक घोडा मी स्वतः पाहिलाय. खांद्यावरचा डाग वडिलांच्या वहीतल्या नोंदीशी जुळत होता. याहून जास्त काही म्हणत नाही.

आता मागण्या. अवघड एकही नाही.

खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस मागे घ्या. एजन्सीचा निर्णय व्हायचा असेल तर सईसांच्या प्रतिनिधींना सभेत बसवून, त्यांचं ऐकून व्हावा. जे आधीपासून काम करतायत त्यांची खरी नोकरी मोजा, खंड वगळून. ग्रॅच्युइटी, पीएफ, अपघात विमा, जे कायद्यानं देणं लागतं ते थकबाकीसह द्या. निवृत्त झालेल्यांनाही.

स्मरणिकेला जादा पानं जोडा. सईस, नालबंद, खोगीर शिवणारे, चारा आणणारे, मैदानावर पाणी मारणारे, ज्यांची ज्यांची नावं हजेरीपुस्तकात, पावत्यांवर, घरोघरच्या आठवणीत सापडतील ती घ्या. हे काम करायला मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी विनामोबदला तयार आहोत. वडिलांची वही स्कॅन करायला देईन. मूळ वही मात्र देणार नाही, स्पष्ट सांगते. सुरुवातीचं ते वाक्य दुरुस्त करा आणि मणिपूरला त्याची जागा द्या. मधल्या पानावरचं छायाचित्र पूर्ण छापा. मूळ प्रत आपल्याच कपाटात आहे.

नाल्याच्या अंगाचे पत्रे काढा. सरावाचे सामने आणि रविवारचे सामने त्या बाजूनं सगळ्यांना बघू द्या. दोरखंड लावा, नियम लिहा, कुत्र्यांना मज्जाव करा, आमची हरकत नाही. पागेमागच्या आणि आसपासच्या शाळांतल्या मुलामुलींसाठी आठवड्याची एक सकाळ ठेवा.

क्लबच्या आणि सभासदांच्या मालकीचा प्रत्येक घोडा निवृत्तीनंतर कुठं गेला, कुणाकडे आहे, याची नोंदवही ठेवा आणि वर्षातून एकदा ती वार्षिक सभेपुढे मांडा. एवढी नोंद ठेवणं जमणार नसेल तर घोडे घेऊच नका.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हे मुद्दे यावेत आणि त्यावर काय ठरलं ते लेखी कळवावं. उत्तर मराठीत द्या. हिंदीत दिलंत तरी चालेल, कारण सईसांपैकी काही घरं राजस्थानातून आणि उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस इंग्रजीत होती. ती मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवली, आणि मुदत याच महिन्याच्या अखेरीस संपते हे त्यांना माझ्याकडून कळलं.

कळावे,

एका नालबंदाची मुलगी
घोरपडी, पुणे